चौथी खुर्ची

रविवारी ती महाराजपुऱ्याहून स्कूटीवर येते,
हेल्मेट फ्रिजवर ठेवते
आणि जेवणाच्या टेबलाची चौथी खुर्ची
ओढून घेते भिंतीकडे तोंड करून.
ही खुर्ची डगमगते. एका पायाखाली
दाल बाजारातल्या जुन्या पावतीची घडी.
तीत बसून माझी मुलगी विमान चालवते.

डावा हात थ्रॉटलवर, उजव्यात लाटणं,
डोळे मिटलेले.
वाधवा सरांनी सांगितलंय, जे खुर्चीत चुकतं
ते वर चुकतंच.
मी वही धरते, चष्मा नाकावर,
कुकरची एक शिट्टी झालेली.
‘इंजिनाला आग.’
‘थ्रॉटल मागे.’
‘दिवा अजून लाल?’
‘इंधन बंद.’
बोटं हवेत नेमकी त्या त्या बटणावर जातात,
जिथे आमच्याकडे कॅलेंडर आहे
आणि मिसळणाचा डबा.

नऊ जी म्हणजे काय, तिनं एकदा समजावलं.
मांड्या आवळायच्या, पोट घट्ट, श्वास कोंडायचा,
हुक्, जरासा सोडून लगेच परत,
नाहीतर कडेकडेनं दिसेनासं होतं.
हे म्हणाले, चोपन्न किलोचे नऊपट,
म्हणजे जवळजवळ पाच पोती तूर,
आमचा हमालसुद्धा एकावेळी एकच उचलतो.
मी म्हटलं, कमलाराजात तुझ्या वेळी
नर्स मला हेच ओरडून सांगत होती.
ती इतकी हसली, की तिच्या हिशेबानं
विमान तिघऱ्याच्या पाण्यात पडलं.

वहीचं शेवटचं पान मी बरेच रविवार
वाचलंच नाही. भात उतरवायला उठायचे.
मग तिनंच माझ्या जुन्या परकराची नाडी
खुर्चीच्या बैठकीला पुढून बांधली,
गुडघ्यांच्या मधोमध, हाताला येईल अशी.
‘हे ओढलं की मी बाहेर,’ म्हणाली. ‘आता विचार.’

‘दिवा अजून लाल?’
‘हो.’
‘धूर?’
‘हो.’
आणि हात गेला नाही.
फ्रिज घरघरत होता.
‘वाचवता येईल का, बघत होते,’ ती म्हणाली,
‘किती महाग असतं गं आई एकेक.’

माझा आवाज शेजारी गेला असणार,
चिटणीस की गोठमध्ये भिंतीला भिंत आहे.
‘विमान सरकारचं आहे.
ओढ.’

पुन्हा. पुन्हा. वरण करपलं.
अकराव्यांदा मी ‘धूर’मधला धू म्हणते तोवर
नाडी ताणलेली, पाठ ताठ, मान मागे टेकलेली,
जसं वहीत लिहिलंय तसं.
जवळ घ्यावंसं वाटलं.
‘अजून एकदा,’ म्हटलं.

एकटीनं जायचा दिवस तिनं सांगितला नव्हता.
पण मंगळवारी गच्चीवर मिरच्या पसरत होते,
तर किल्ल्याच्या मागून आवाज आला.
नवी माणसं आवाजाकडे बघतात.
आम्ही इथले, बरंच पुढे बघतो.
तिथे एक ठिपका वळत होता
आणि माझ्या मांड्या आपोआप आवळल्या,
हुक्,
हातातली मिरची हातात.
आत कोण होतं, मला माहीत नाही.
वाधवा सर असतील. दुसऱ्या कुणाचं पोर असेल.

खाली येऊन चौथ्या खुर्चीत बसले.
डावा हात थ्रॉटलवर.
इंजिन सुरू होईपर्यंतचं सगळं मला पाठ आहे,
आणि शेवटचं पान.
मधलं तिचं तिला.

संध्याकाळी यांची झाशीची मावसबहीण आली,
नेमकी त्याच खुर्चीत बसली, पायात काहीतरी लागलं.
‘ही नाडी कसली वहिनी?’
‘असू दे,’ म्हटलं. वाकून बघितलं,
गाठ जरा सैल वाटली,
घट्ट केली.