चार गुणांचा प्रश्न

प्रश्न पाचवा, ब.
'युरोपीयांनी नवे सागरी मार्ग का शोधले?
कारणे व परिणाम लिहा.'
गुण चार. आखलेल्या ओळी आठ.

गठ्ठा घरी नेला नाही.
नंदुरबारबाहेर, मिरचीच्या पथारीला लागून
ठुमसिंगच्या टपरीवर बसलो तपासत.
समोर दोन एकर लाल, वाळत घातलेलं,
त्यात तोंडाला फडकी बांधून बायका,
देठ खुडत सरकणाऱ्या.

बहुतेकांनी गाइडातलंच उतरवलेलं:
तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं, खुश्कीचे रस्ते अडले,
म्हणून ते समुद्राकडे वळले.
मी बरोबरच्या खुणा करत गेलो,
हमाल गोणीवर शाई मारतो तशा.

मग रेहमी वळवी.
पेपराच्या कोपऱ्यावर केशरी अंगठा.

'त्यांच्या जेवणाला चव नव्हती.
मिरी लांबून यायची, मधले लोक भाव वाढवायचे.
मधल्यांना सोडून थेट मालकाकडे जायचं
म्हणून त्यांनी जहाजं काढली.
माझी आई पण एकदा मुकादमाला सोडून
थेट शेठकडे गेली होती.
दुसऱ्या दिवसापासून तिला बोलावलं नाही.
त्यांच्याकडे तोफा होत्या.'

चहा निवला.

'काही जण भलत्याच किनाऱ्याला लागले.
तिथे मिरी नव्हती, मिरची होती.
तिथले लोक नंतर राहिले नाहीत.
त्यांना देवी आल्या.
(या देवी म्हणजे रोग, सर. आमची देवमोगरा नाही.)'

मिरी. मिरची.
मधे एक 'च' घुसला
आणि अर्धी पृथ्वी इकडची तिकडे.
रोज भाजीत पडणारी ही चूक
मी वर्गात आठ मिनिटांत उरकली होती, वीज जायच्या आत.
मकाही तिकडचाच, म्हणालो होतो, सीताफळही.
तेव्हा हीच उठली शेवटच्या बाकावरून:
'मका आमचा आहे सर. डोंगरातून आला.'
मी हसलो होतो.
डोंगरातूनच आला की,
कुठल्या, एवढाच काय तो वाद.

'परिणाम : तिकडे चांदीचा डोंगर पोखरला.
जे आत उतरले त्यांच्या अंगावर चांदी नव्हती.
ती फिरत फिरत सुरतेला आली,
सुरतेहून तापीच्या काठाने वर.
आईच्या पायातले वाळे त्यातलेच असतील.
आता नाहीत.'

याच गावात म्हणे टोपीकरांची वखार होती.
कुठे, ते कोणी नीट सांगत नाही.
ठुमसिंग म्हणतो, मोबाइलचं दुकान आहे ना, त्याखाली.
कापडाचे गठ्ठे तिथून निघाले असतील,
वहीत साहेबाचं नाव, शेठचं नाव, बैलांची संख्या.

विचारात डोळा चोळला.
पेपरावरची मिरची बोटाला, बोटाची डोळ्यात.
लिस्बन, गोवा, घाट,
पाचशे वर्षं चालत आलेली आग,
शेवटचं वीतभर अंतर तिला मीच नेलं.
'मास्तर, पानी नका मारू, तेल लावा!'
ठुमसिंग धावला.
पथारीवरून एक बाई हसली, फडकं न काढता.
रेहमीची आई असेल. नसेलही.
इथे साऱ्यांचे डोळेच तेवढे दिसतात.

नमुना उत्तरात आहे: व्यापार, धर्मप्रसार, साहस.
साहसाला एक गुण.
रेहमीने साहस लिहिलं नव्हतं.
आठ ओळी केव्हाच संपल्या होत्या,
समासात, उभं, पेपर फिरवून वाचावं लागेल असं:
'सर, जहाजावर देठ कोण खुडत होतं?'

एका डोळ्याने, तोही वाहता,
मी लाल पेनने काहीतरी लिहिलं.
आता पाहतो तर तीन आहेत की चार, कळत नाही.
पलीकडे ट्रक भरत होता बंदरासाठी,
मुकादम वजन पुकारत होता
आणि कोणीतरी ते लिहून घेत होतं.