दोन पेरं

वसमतला नांदेड नाक्यावर
मुनीरभाईच्या दुकानात टायरं डोक्याच्या वर रचलेली.
नव्या रबराचा वास पदराला धरतो.

मागची जोडी पाहिजे, म्हटलं.
तो आकडे म्हणत गेला:
तेरा सहा अठ्ठावीस, चौदा नऊ अठ्ठावीस,
बारा प्लाय, रिमोल्ड हवं तर निम्म्यात.
मग एकदम,
"ताई, चालतंय कुठं जास्ती? रोडला का रानात?"

मी म्हणाले, रानात.
खोब्राजी माझ्याकडं न बघता, "रोडला."
चार महिने कारखान्याची ट्रॉली,
मग हळदीची पोती मोंढ्याला,
मग कुणाकुणाच्या लग्नाचा मंडप.
डिझेल वहीत मी लिहिते.
चाकं कुठं झिजली, ते त्याच्याकडं.

"रोडला असंल तर दाट नक्षीचं घ्या. टिकतंय."
"आणि चिबडात?"
"काळी माती भरली की झालं गुळगुळीत.
जागीच फिरायलंय मग."

खोब्राजी उठला.
एका टायरच्या खाचेत तर्जनी उभी घातली.
"दोन पेरं," म्हणाला.
"आपल्या जुन्यात नखबी बुडत नव्हतं."

मीही बोट घातलं.
माझी अडीच भरली.

घेतली तीच, रुंद खाचांची,
डांबरावर लवकर जातील हे माहीत असून.
पावतीवर मालकाचं नाव काय टाकू, विचारलं मुनीरभाईनं.
खोब्राजीनं माझं सांगितलं,
आणि हवा तपासायला वाकला.

परतताना डांबरावर घूं घूं आवाज,
मडगार्डवर बसलेली मी,
आणि खाली फिरत्या रबरावर
साच्यातून निघालेले बारीक केस
अजून उभे.