बुडाशी गवत

सेहेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा बाकावर बसले,
कौनसला, गुरुवारी संध्याकाळी,
हीटर खोकत असलेल्या एका वर्गात.
बाक ठेंगणा, गुडघे वर.
वीस वर्षं चित्रं काढून पोट भरलेली बाई मी,
आणि स्किरमांतस, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान,
फळ्यावर एक टिंब देऊन विचारतो:
टिंब दिसतंय, की टिंबाभोवतीचा फळा?

मनात म्हटलं, फी परत मिळेल का.

मग हळूहळू शब्द घरात शिरले.
आकृती, पार्श्वभूमी. जवळिकीचा नियम.
डोळा अर्धं वर्तुळ आपणच पुरं करतो,
न सांगता, फुकट.
उतरंडीत वर काय ठेवलंस? तो विचारायचा.
आणि तळाला?
आणि तळाचं काढून घेतलं तर?

वहीला समास आखून मी सगळं उतरवलं
आणि घरी येऊन पाहते तर हात बसलेला.
ससा काढायला घ्यावा तर कानच विचारत,
एवढे लांब का? कोणासाठी?
उन्हाळाभर एक पान पुरं झालं नाही.
भाऊ सायकली दुरुस्त करतो. म्हणाला,
चालवताना चाकाकडे बघितलंस, पडलीस.

ऑगस्टअखेर प्रकाशकाचा फोन:
अळंब्यांच्या पुस्तकाची चौथी आवृत्ती.
चित्रं तीच, रंग तेवढे एकदा बघून दे.
माझं लाडकं पुस्तक ते,
टोपलीत टाकून जंगलात न्यायचं,
चौसष्ट जाती, चौसष्ट पानं,
आणि पानापानावर मी ओतलेलं रान:
शेवाळ, पाइनच्या सुया,
एके ठिकाणी हौसेनं एक गोगलगाय.

रंग ताडून बघायला वारेनाकडच्या खेड्यात गेले,
तेओफिलियाबाईंकडे. वय एक्क्याऐंशी.
त्यांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं,
सत्तावन्नाव्या पानावर थांबल्या.
नवरीच्या हातमोज्यासारखी पांढरी,
सगळ्यांत देखणी तीच,
आणि जेवणाचं अख्खं टेबल रिकामं करते तीही तीच.
"छान," बाई म्हणाल्या.
"पण हिचा पाय कुठाय?"

पाय गवतात होता.
मीच काढलेलं गवत, सात पाती,
डावीकडे झुकलेली, एकीवर दवाचा थेंबही.
त्या पात्यांवर एक आख्खी दुपार घातली होती मी.
आणि त्यांच्या मागे, मातीत,
ती फाटकी पिशवी, जिच्यातून ही उगवते,
जिच्यावरूनच हिला ओळखायचं असतं.
त्यांच्या आईनं शिकवलेलं: सुरीनं कापू नकोस.
बोटं मातीत घाल. मुळापासून उचल. मग बघ.

दृष्टीआड सृष्टी म्हणतात.
माझ्या पुस्तकात दृष्टीआड मरण होतं,
तीन आवृत्त्या, नऊ हजार प्रती.

कुणाला काही झालं का, हे मी विचारलं नाही.
त्यांनीही सांगितलं नाही.
चहा ओतला. पाव माझ्याकडे सरकवला.

परतीच्या बसमध्ये ते टिंब आठवलं,
आणि फळा. केवढा मोठा होता तो फळा.

गुआशचं चित्र खोडता येत नाही.
नवा कागद घेतला. मुळासकट काढली तिला,
माती झटकून,
पाय, पिशवी, पिशवीचा फाटका काठ.
भोवती कोरं.
हात एकदाही अडला नाही,
की अडला, पण मी थांबले नाही, आता आठवत नाही.
प्रकाशकानं विचारलं, पान अपुरं राहिलंय का?
म्हटलं, नाही, असंच छापा.

गोगलगाय तेवढी ठेवली, एकोणचाळिसाव्या पानावर.
कुठल्याच नियमात बसत नाही. न बसो.
पोटात पाय असलेली ती एकटीच,
असं वाटायचं मला.

चौथी आवृत्ती सप्टेंबरात आली.
जुन्या नऊ हजार अजून टोपल्यांतून हिंडताहेत,
कुठकुठल्या पाइनखाली,
आणि त्यांत ती सात पाती,
वारा नसताना डावीकडे झुकलेली.