पाचपैकी किती

ई-मेल आला सोमवारी.
उद्यमनगरातली शटरं खाली, आमचं अर्धं वर,
कारण सुट्टीच्या दिवशीसुद्धा
लेथजवळ बसल्याशिवाय पप्पांना चहा जात नाही.

माजी विद्यार्थी म्हणून आपलं मत मोलाचं आहे.
सतरा प्रश्न. आठ मिनिटं.

पहिला: आपल्या विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीयीकरण
आपल्याला कितपत जाणवलं?
एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे खूपच.

जाणवलं म्हणजे काय, मीच होतो ते.
ल्युब्लियानाच्या माहितीपत्रकात पान तीनवर
पांढरं हेल्मेट घालून
भट्टीकडं बघून हसणारा, तो मी.
भट्टी त्या दिवशी बंद होती.
फोटोवाला म्हणाला, तापलीय असं समज.
बीड वितळताना कुणी हसत नाही
हे त्याला कोण सांगणार?
चार दिले.

चौथा: देशोदेशीच्या विद्यार्थ्यांमुळं
वर्ग समृद्ध झाला का?
सेव्हियाची आल्बा सहा महिन्यांसाठी आलेली,
शिष्यवृत्तीवर. जाताना सायकल मला देऊन गेली.
तिच्यासाठी सीमा म्हणजे
फोनवर येणारा एक मेसेज, स्वागत आहे.
माझ्यासाठी पहाटे पाचची रांग
आणि हातात पतसंस्थेचं पत्र,
की मुलाच्या नावे एवढे एवढे आहेत.
होते. शेपिंग मशीन गेलं त्यात.
फरशीवर तेलाचा चौकोन अजून आहे,
पप्पा त्याला वळसा घालून जातात.

नेझका तिथलीच. ती असले फॉर्म भरायची नाही.
म्हणायची, तुम्ही आलात, बरं झालं,
पण सर आता इंग्रजीत शिकवतात.
त्यांना ती धड येत नाही, मला येत नाही,
आणि आजोबांनी जन्मभर जे काम केलं
त्याचे शब्द माझ्या वहीत नाहीत.
मला राग यायला हवा होता.
मी म्हणालो, आमच्यात याला बीड म्हणतात.
मग कॅन्टीनच्या कागदी रुमालावर रकाने पाडले.
तिच्या बाजूला लिवारना, माझ्या बाजूला ओतशाळा,
खाली साचा, पेटी, रस, मळी.
मधला रकाना इंग्रजीचा.
तो खोडला असता
तर एकमेकांना काहीच कळलं नसतं.
हे कितव्या प्रश्नात बसतं?

"काय लिहितोयस एवढं?"
मत, म्हणालो. बाहेरची पोरं घ्यावीत का, किती घ्यावीत.
पप्पा मायक्रोमीटर पुसत होते.
"तुझा पणजा गारगोटीकडनं आलेला,
दसरा चौकातल्या बोर्डिंगात. पत्र्याची ट्रंक.
शहरातली पोरं त्याच्या बोलण्याला हसायची.
त्याला न्हाई कुणी विचारलं, पाचपैकी किती."
मग?
"मग काय. दोन वेळचं मिळत होतं. राहिला."

सतरावा: हा अनुभव आपण इतरांना सुचवाल का?
गेल्या आठवड्यात शिये गावची प्रणोती आली होती,
फाइल छातीशी धरून.
फी विचारली नाही, थंडी विचारली नाही.
दादा, शिकून झाल्यावर ठेवून घेतात का?
मी म्हणालो, फोटो ठेवून घेतात.
ती हसली नाही. वाईट वाटलं मला.
मग तिला खरी माहिती दिली, दोन तास,
आल्बाच्या सायकलीसकट.

शेवटी रिकामी चौकट. अन्य काही?
मी देवनागरीत लिहिलं: बीड.
लाल अक्षरांत उत्तर आलं, अवैध चिन्ह.
रोमन लिपीत नेझकाचा शब्द टाकला.
तो चालला.

स्क्रीनशॉट काढून तिला पाठवलाय.
तिकडं आत्ता सकाळ असेल.
पप्पा म्हणाले, झालं असेल तर ऊठ,
त्या चौकोनात जरा राख टाक.
पाय घसरतो.