लिंबानं विष मरतं

चिलीच्या दक्षिणेला, किन्चाओ बेटावर,
सातवीचा वर्ग. शेगडीत ओली लाकडं धुमसतायत.
भिंतीवर मी व्हिडिओ थांबवलाय:
पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप,
हातात अर्धं कापलेलं लिंबू.
"समुद्रात विष आलं तरी घाबरू नका.
शिंपल्यांवर हे पिळा. मरतं."

सत्तेचाळीस सेकंद.
मुलांच्या घरी तो माझ्याआधी पोचला होता.

खोटं आहे, असं मी म्हटलं नाही.
विचारलं, हा कोण?
"डॉक्टर."
कशावरून?
"कोट आहे ना!"
तेवढ्यात यास्नाचा हात वर:
तिची मावशी कारखान्यात असाच कोट घालून
सालमन कापते.
वर्ग हसला, आणि मग जरा पुढे सरकून बसला.

त्याचं नाव शोधलं. नव्हतं.
चेहरा शोधला: दुसरीकडे तोच कोट,
टक्कल घालवायचं तेल विकत होता.
लिंबूही तेच, असं एव्हारिस्तो म्हणाला,
पण ते सिद्ध झालं नाही,
म्हणून फळ्यावर घेतलं नाही.

मग मागच्या बाकावरून आरिएल गेन्तेओ,
जो सहसा बोलत नाही:
"माझे बाबापण हेच सांगतात.
ते काही तेल विकत नाहीत."

याचं उत्तर माझ्या वहीत नव्हतं.
लबाड पकडता येतो.
पण जो जीव लावतो, आपल्या ताटात आधी वाढतो,
आणि सांगोवांगीच सांगतो, त्याचं काय?

म्हटलं, भांडू नकोस. नुसतं विचार,
त्यांना कुणी सांगितलं. मग त्याला कुणी.
माग काढत जा.

"आणि तुम्हाला कुणी सांगितलं, बाई?"

बरोबर.
मी खडू ठेवला, प्रयोगशाळेला फोन लावला,
स्पीकरवर.
पलीकडची बाई म्हणाली, शिजवून जात नाही, लिंबानंही नाही.
पाणी निळं दिसलं तरी असतं.
"तुम्ही कशावरून म्हणता?" यास्ना.
बाई हसली. आणि मग घंटा होऊन गेली तरी
नमुने कसे घेतात ते सांगत राहिली.

दुसऱ्या दिवशी आरिएलच्या वहीत नावं, बाणांनी जोडलेली:
बाबा, काका, जाळी दुरुस्त करणारा ओक्तावियो,
ओक्तावियोचा मेव्हणा,
आणि शेवटी प्रश्नचिन्ह.

शिंपले? मी विचारलं.
"बादलीतच आहेत.
बाबा म्हणाले, आधी हा शेवटचा कोण ते बघ."