कुठल्या बोर्डावर

मे महिना. पंख्याचा वारा
वकिलांच्या पहिल्या बाकापर्यंत येतो, आणि तिथंच बसतो.
मी साहेबांच्या पायरीखाली, टेबलाशी.
समोर तीन फायली, तीन रंगांच्या फिती,
आणि खाकी पुडक्यात एक टॉवेल:
लाल, मोराचा, गठ्ठा नंबर चारशे सतरा.

पहिली फाईल गुंडेटींची. रंगखाना, अक्कलकोट रोड.
सूत रंगवलं, पोचवलं, पैसे आले नाहीत.
चार लाख अकरा हजार.
दुसरी इराबत्तींची, विमा कंपनीवर.
गोदामात पाणी शिरलं, नव्वद लाखांचा माल
एकमेकांच्या रंगात न्हाला.
कंपनी म्हणते, पाण्याला कशाला नावं ठेवता,
रंगच कच्चा होता.
तिसरी नव्या पेठेतल्या लाहोटींची.
रंग जातो म्हणून त्यांनी माल नाकारला,
नाकारलेला माल इराबत्तींनी दुसऱ्याला विकला,
आता लाहोटी म्हणतात, मोर आमचा होता.
तुरा तीन पिसांचा, मान डावीकडे वळलेली,
नोंदणीचा कागद सोबत.

विम्याचा बोर्ड वरच्या मजल्यावर, बुधवारी.
डिझाइनचा शुक्रवारी, त्या साहेबांना नक्षीतलं कळतं.
मालविक्रीचा आमचा. रोज. गर्दीचा.
बाराव्या नंबरापाशीच जेवणाची सुट्टी होते.

निंबर्गी वकील म्हणाले, आकडा बघा,
नव्वद लाख चार लाखांच्या मागे कसे चालतील?
शिवशरण मॅडम म्हणाल्या, मोर नाजूक आहे,
तो गर्दीत नको.
मग कुणीतरी उभ्या-आडव्या धाग्यांची उपमा काढली.
एकदा नाही, तीनदा.
सोलापुरात ही उपमा फुकट मिळते.
साहेबांनी पेन उचललं नाही.

गुंडेटींचा वकील बार्शीला अडकलेला.
ते स्वतःच उठले. नखांच्या कडा लाल,
ती लाली आता कुठल्याच साबणाला दाद देत नाही.
"साहेब, कुठंबी बसवा की आम्हाला.
तारीख तेवढी एकच द्या.
तीन तारखा म्हणजे तीन दिवस भट्टी बंद."

साहेब थोडा वेळ खिडकीकडे बघत राहिले,
खिडकीत फक्त ऊन होतं.
मग म्हणाले, मोठं कोण, नाजूक कोण, ते राहू द्या.
कशाचं उत्तर मिळालं की बाकीचे दोघे हलतील?
कोर्टात कुणी बोललं नाही.
उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं
आणि प्रत्येकाला ते दुसऱ्याच्या तोंडून हवं होतं.

तिन्ही दावे मालविक्रीच्या बोर्डावर.
आधी रंगाचं, मग पाण्याचं.
मोराचं शेवटी.
मी टंकत गेले.
निंबर्गी वकिलांनी हरकत नोंदवली, तीही टंकली.
वरच्या कोर्टात हे उलटेलसुद्धा.
शुक्रवारच्या साहेबांनी तो तुरा
आमच्यापेक्षा बारकाईनं पाहिला असता, हे खरंच आहे.

मग मी तिन्ही फिती सोडल्या, एकच बांधली.
वर कुठली फाईल ठेवायची ते सांगितलेलं नव्हतं.
गुंडेटींची सगळ्यात पातळ, ती वर ठेवली.
पुडकं उघडंच राहिलं होतं. टॉवेलची घडी आत सारली,
चिठ्ठीवरची तारीख वाचली:
गोदामात पाणी शिरलं त्याच्या एकवीस दिवस आधीची.

घामेजलेला माझा अंगठा वर आला तो लाल.

गुंडेटी दारातून वळून
मला नमस्कार करत होते,
एकच तारीख मिळाली म्हणून.

मी साक्षीदार नाही.
माझ्या अंगठ्याला निशाणी क्रमांक नाही.
पुडक्याची गाठ मारली, लाख लावली,
हात मुठीत धरून
पुढचा नंबर पुकारायला शिपायाला खूण केली.