पाटी कोणालाच नाही

दोन कंसांमध्ये सहाशे बारा, होडीत बसवल्यासारखे.
डावीकडे सहा.
चौथीच्या अकरा वह्यांत उजवीकडे एकच उत्तर : बारा.
यज्ञेश मेतरने तर खाली दुहेरी रेघ मारून
तारीखही घातली होती.

मी नेहमीसारखी सुरू झाले : सहात सहा एकदा,
एक खाली ओढला, एकात सहाचा भाग जात नाही,
शून्य द्यायचं, दोन ओढला, बारात सहा दोनदा.
शून्य का द्यायचं?
द्यायचं असतं.
नऊ वर्षं हेच. अंबाजोगाईहून बदली झाली तेव्हा
ट्रंकेत घड्या घालून हे वाक्यही आणलं असणार मी.

तळाशीलच्या शाळेला एक खिडकी समुद्राकडची, एक खाडीकडची.
त्या दिवशी समुद्राकडच्या खिडकीत रापण ओढत होते,
वाळूत टाचा रोवून मागे मागे सरकणारी माणसं,
आणि दुर्वा खवणेकर वहीत नव्हतीच.
काय गं, म्हटलं.
"बाई, सहा जणांक बारा-बारा म्हणजे बहात्तर.
मगे रवलेले कोणी खाल्ल्यान?"

वर्ग हसला.
मी खडू हातात धरून वजाबाकी केली.
पाचशे चाळीस बांगडे
माझ्या फळ्यावरून नाहीसे झाले होते
आणि मी त्यावर बरोबरची खूण करणार नव्हते एवढंच,
पण कुठे गेले ते मलाही सांगता येत नव्हतं.

गेलो सगळे सुरूच्या बनात.
बांगडे म्हणून सुरूची बोंडं.
शंभरांची डाली, दहांची पाटी, बाकी सुटे.
मोजण्यात मधली सुट्टी संपली, खिचडी गार झाली.
सहा डाल्या, एक पाटी, दोन सुटे.
सहा जण वाटेकरी. उरलेले पाच पंच,
कारण वाट्याला पंच लागतात,
हे मला त्यांनी समजावून सांगितलं.

डाल्या आधी. प्रत्येकी एक. तंटा नाही.
मग पाटी.
वाटेकरी सहा, पाटी एक.
कोणी हात पुढे करेना.
खाडीच्या बाजूने वारा आला, तेवढाच आवाज.
"पाटी कोणाकच नाय," यज्ञेश म्हणाला.
लिही मग.
"काय लिवू? कोणाकच नाय?"
तेच. पण एका आकड्यात.
त्याने जरा विचार केला
आणि वाळूत, एकाच्या शेजारी,
बोटाने गोल काढला. लांबट, बोंडासारखा.

"आता पाटी वतूक व्हयी," दुर्वा म्हणाली
आणि माझी परवानगी न घेता तिने ती ओतली.
दहा नि दोन बारा. प्रत्येकी दोन.
एक डाली, पाटी नाही, दोन सुटे.
एकशे दोन.

सहाशेला मी इतकी वर्षं सहा म्हणत आले.
रापणीच्या वाट्यावर उभी राहून असं म्हटलं असतं
तर लोकांनी मला खाडीत नेऊन बुचकळली असती,
आणि ते चुकले नसते.
पाटी मला फक्त लिहायची माहीत होती.

दुसऱ्या दिवशी सहाशे पंधरा दिले.
अकरा वह्यांत नऊ वेळा एकशे दोन, बाकी तीन.
(दोघांची बारा अजून सुटलेली नाही. सुटेल.)
बाकीचं काय करायचं, यावर पंच बराच वेळ बोलत होते.

संध्याकाळी खोलीच्या कडीला पिशवी.
आत तीन बांगडे, ताजे, डोळे उघडे.
मी मासे खात नाही, हे पंचांना कुठलं माहीत.
खाली पेडणेकरकाकींना नेऊन दिले.
त्या आणि त्यांचा मुलगा, माणसं दोन.
एक त्याला, एक स्वतःला,
आणि तिसरा त्यांनी आडाळ्यावर धरून
मधोमध कापला, काही न बोलता.

म्हणजे बाकीचाही भाग जातो.
पण ते पाचवीत.
मी हात धुतले नि वर आले.